कणगीवरचा पंजा

सीनेच्या पात्रावरून उठलेले धुके निंबसावळीच्या भुईकोटाच्या तटाला अजून चिकटून होते, पूर्वेच्या बुरुजावरचे ओले निशाण काठीला गुंडाळून लोंबत होते, खंदकात रात्रभर ओरडून बेडूकही दमले होते. आणि अशा त्या भाद्रपदातल्या पहाटे, तटाच्या आत काय नि बाहेर काय, एकाही चुलीतून धूर निघत नव्हता. आत किल्लेदार रुमाजीराव वाबळे यांची शिबंदी उपाशी होती. बाहेर, गावच्या खळ्यांवर डेरे ठोकून बसलेली सरफराज बेगाची मोगली फौजही उपाशी होती. पावसाळाभर चाललेल्या त्या वेढ्यात दोन्हीकडचे लोक एकमेकांना मारण्याइतकेही ताजे राहिले नव्हते.

बखरकारांना तोफा फार आवडतात. कोणती तोफ किती शेराचा गोळा फेकत होती हे ते बिनचूक सांगतात, पण तोफ ओढणारे बैल काय खात होते याचा उल्लेख करायला त्यांची लेखणी लाजते. म्हणून निंबसावळीचा हा प्रसंग कुठे नोंदलेला नाही. त्यात तोफ उडता उडता राहिली, तलवार एकदाच चालली, आणि बाकी सगळा कारभार जोंधळ्याचा होता.

त्या जोंधळ्याची मांडणी आधी समजून घेतली पाहिजे. निंबसावळीचा कुणबी खळ्यावर माल विकत नसे. सुगीला भाव पडतो हे पोराटोरांना कळते. ज्याला साठवण नाही, तो माघात विकतो आणि श्रावणात तोच दाणा दुपटीने विकत घेतो. गावाला साठवण होती ती मलप्पा शेट्यांच्या पेवांची. पेव म्हणजे जमिनीत रांजणासारखी खोदलेली खोल साठवण, आतून जाळून टणक केलेली, वर दगडी झाकण, झाकणावर शेणमातीचा लिंप आणि त्या लिंपावर मलप्पांच्या उजव्या हाताचा पंजा. सगळ्यांचा जोंधळा त्यात एकत्र पडे. ज्याने जितका घातला तितका त्याने मापून न्यायचा. पेवातल्या ओलीने दाणा थोडा फुगे, आणि मापून दिल्यावर जे उरे ती शेट्यांची मजुरी. शिवाय भिंतीलगतचा, काळपट पडलेला, कुबट वासाचा दाणाही त्यांचाच. 'काठ शेट्याचा, गाभा रयतेचा,' असा गावचा करार होता, आणि तो कुठे लिहिलेला नसल्यामुळेच कधी मोडला नव्हता.

पण पेवातल्या दाण्याचा एक अवगुण होता. तो पोट भरतो, उगवत मात्र नाही. कोंदट उबेत त्याचा कोंब मरतो. म्हणून बियाणे पेवात घालत नसत. ते घरोघरच्या कणगीत, म्हणजे बांबूच्या विणलेल्या कोठीत, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून ठेवत. घरची बाई कणगीचे तोंड लिंपून त्यावर आपला पंजा उमटवी, आणि पेरणीच्या दिवशी ज्या हाताचा पंजा त्याच हाताने तो फोडायचा. दुसऱ्याने फोडला तर त्या घराचे वाटोळे होते, अशी समजूत होती. समजूत बायकांची खरी, पण पुरुषही तिला भिऊन असत.

बेगाची फौज येते आहे अशी हूल उठली तेव्हा गावाने घाईघाईत बियाण्याच्या कणग्या गाड्यांवर घालून किल्ल्याच्या अंबारखान्यात आणल्या. पेवे काही गाडीवर घालता येत नाहीत. त्यांच्यावर माती पसरली, मातीवर कडबा टाकला आणि माणसे आत आली. फौज आली ती नेमकी त्या सपाट, कोरड्या खळ्यांवर उतरली. अशा रीतीने शत्रू गावाच्या अन्नावर झोपत होता आणि ते त्याला ठाऊक नव्हते. किल्ला गावाच्या बियाण्यावर बसला होता आणि ते प्रत्येक उपाशी शिपायाला ठाऊक होते.

त्या दिवशी सूर्य हातभर वर आल्यावर किल्लेदारांनी मलप्पांना सदरेवर बोलावले. रुमाजीराव पन्नाशीचे, उंच, एकेकाळी भरदार. आता अंगरखा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. सदरेच्या पायरीशी तान्हाई पाटलीण बसली होती. गावचा पाटील वेढ्याच्या पहिल्याच आठवड्यात गोळा लागून गेला, तेव्हापासून गावाच्या वतीने तीच सदरेवर येई.

"बसा, शेटे," किल्लेदार म्हणाले. "उभं राहण्याइतकं बळ कोणातच उरलेलं नाही. जासूद परतला आहे. दसऱ्यापर्यंत कुमक येत नाही."

"म्हणजे येतच नाही, साहेब."

"आपण तसं म्हणू शकता. मला तसं म्हणण्याची मुभा नाही." रुमाजीरावांनी डोळे मिटले. "उद्या सकाळी अंबारखाना उघडायचा. कणग्या फोडायच्या. शिबंदी खाईल, रयतही खाईल."

तान्हाईने पदर सावरला. "आणि पेरायचं काय, किल्लेदारसाहेब? हस्त तोंडावर आलाय."

"पाटलीणबाई, मीही कुणब्याच्याच घरी जन्मलो. बी खाणारा काय खातो ते मला सांगू नका. पण पेरायला माणूस जिवंत लागतो, आणि तटावर पहारा द्यायलाही. मी किल्ला सोडला तर उद्या दुपारी बेगाचे लोक त्याच कणग्या फोडतील, आणि तुमच्या पंजाकडे बघायचे नाहीत."

ते खरे होते. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही कोरडी. तान्हाई बराच वेळ आपल्या तळहाताकडे बघत राहिली. अंबारखान्यातल्या पहिल्या कणगीवर तिचा पंजा होता.

मलप्पा उठले ते पश्चिमेच्या तटावर जाऊन उभे राहिले. पाऊस पुन्हा लागला होता. खाली बेगाच्या लोकांनी डेऱ्यांभोवती पाणी काढून द्यायला चर खणले होते. सगळ्या चरांतले पाणी ओढ्याकडे वाहत होते. एका चरातले मात्र मोठ्या डेऱ्यामागे जाऊन नाहीसे होत होते. तिथे तळे साचत नव्हते, ओघळ पुढे जात नव्हता. पाणी जमीन पीत होती. तिथे खाली पेव आहे हे मलप्पांना माहीत होते. भिजलेल्या पेवातला जोंधळा चारआठ दिवसांत आंबतो. आधी फुगेल, मग तापेल, मग असा वास सुटेल की बेगाचा उंटसुद्धा नाक वर करील. लोक उकरतील आणि त्यांना खत सापडेल. शेजारचे दुसरे पेवही मग लपून राहायचे नाही.

व्यापाऱ्याला शूर कोणी म्हणत नाही, आणि मलप्पांनाही कधी कोणी म्हटले नव्हते. पण व्यापाऱ्याला एक गोष्ट कळते, जी शूरांना क्वचितच कळते: माल नासायच्या आत विकावा. खाण्याचा दाणा तर जाणारच होता. प्रश्न एवढाच होता की तो फुकट जाऊ द्यायचा, की त्याच्या बदल्यात काही पदरात घ्यायचे.

दुपारच्या नमाजाच्या वेळी दोन्हीकडचे बार थांबत. तसा तह झाला नव्हता, नुसती सवय लागली होती. त्या वेळी मलप्पा शेटे डोक्याचे पागोटे सोडून हातात धरून किल्ल्याच्या दिंडीदरवाजापाशी आले. पहारेकऱ्याने विचारले, "कुठं, अण्णा?"

"किल्लेदारांच्या कामाला."

जन्मभर ज्याचे माप खोटे ठरले नाही त्याचा शब्द कोण खोटा धरणार? पहारेकऱ्याने अडसर काढला. मलप्पा पांढरे पागोटे उंच धरून चिखल तुडवीत सरळ मोठ्या डेऱ्याकडे चालू लागले.

बुरुजावरच्या गोलंदाजाने त्यांना पाहिले आणि तोफेचे तोंड वळवले. "साहेब, मलप्पा शेटे फितूर झाले! उडवू?"

रुमाजीराव कठड्याला टेकून बघत होते. बघता बघता त्यांची नजर त्या न साचणाऱ्या पाण्यावर गेली. कुणब्याच्या पोराला ते कळायला वेळ लागला नाही.

"दारू ओली आहे," ते म्हणाले.

"कोरडी आहे, साहेब. मी सकाळीच..."

"ओली आहे म्हटलं ना," किल्लेदार म्हणाले, आणि गोलंदाजाने बत्ती खाली घेतली. दुसऱ्या सकाळी अंबारखाना उघडण्याचा हुकूमही किल्लेदारांनी तूर्त थांबवला.

सरफराज बेग म्हातारा होता. दख्खनच्या पावसाने त्याचे गुडघे धरले होते, आणि समोरच्या थाळीत उकडलेला चारा म्हणावा असे काहीतरी होते. मलप्पांनी मुजरा केला.

"किल्ल्याची चावी आणलीस?" बेगाने विचारले. इतकी वर्षे या मुलखात काढून त्याला इथली भाषा चांगली येत होती.

"नाही, खानसाहेब. किल्ल्यात जे आहे ते बियाणं आहे. राख घातलेलं, कडू पाला घातलेलं. ते घ्यायला आपली अर्धी माणसं तटाखाली पडतील, आणि उरलेल्यांना ते महिनाभरही पुरायचं नाही. मी त्याहून जास्त देतो. एकही माणूस न पडता."

"कुठून देतोस?"

"आपला पलंग थोडा सरकवावा लागेल."

बेग प्रथम रागावला, मग हसला. फार दिवसांनी हसल्यामुळे त्याला खोकला आला. मलप्पांनी सौदा मांडला. छावणीखाली दोन पेवे आहेत, ती आत्ता दाखवतो. सगळ्यांत मोठे पेव नदीपलीकडच्या मळ्यात आहे. फौजेने डेरे उठवून सीना ओलांडली की तेही दाखवतो. तोवर मी आपल्या सोबत ओलीस. बदल्यात निंबसावळीकडे पुन्हा फिरकायचे नाही.

"आणि मी तुला आत्ताच झोडून तिसऱ्याचा ठिकाणा काढून घेतला तर?"

"काढता येईल, खानसाहेब. मी काही शूर माणूस नाही. पण मग किल्ला तसाच समोर राहील, पाऊस तसाच राहील आणि आपले गुडघेही तसेच राहतील. आपल्याला इथून जायचं आहे. मी जायला निमित्त देतोय."

बेगाने थाळी बाजूला सारली. हुजूरला 'रसद हस्तगत केली' असे कळवता येणार होते, आणि ते खोटेही नव्हते.

पहिले झाकण उचलताच चार प्यादे भुकेने वेडे होऊन आत उतरायला धावले. मलप्पा आडवे आले. "थांबा! आत वारा नाही. उतराल तर वर येणार नाही. आधी दिवा सोडा. तो विझला नाही, मग माणूस."

दिवा विझला. पुन्हा सोडला, पुन्हा विझला. बेग हे बघत होता.

"गप्प बसला असतास तर माझे चार गेले असते," तो म्हणाला.

"आणि मग बाकीच्यांनी माझं गाव कापलं असतं. व्यवहार व्यवहारासारखा करावा, खानसाहेब."

तिसऱ्या दिवशी छावणी उठली. किल्ल्यातल्या कारकुनांनी 'सुंठीवाचून खोकला गेला' म्हणून एकमेकांना टाळ्या दिल्या. दरवाजा उघडला आणि पेव फुटावे तशी माणसे बाहेर पडली. आणि बाहेर खरोखरीच फुटलेली पेवे त्यांना दिसली. काळी तोंडे वासून ती जमिनीत पडली होती. आत गाभा नव्हता. भिंतींना तेवढा काळपट काठ चिकटून राहिला होता. तो कुबट दाणा फौजेने घेतला नव्हता. बाया पेवांच्या तोंडाशी बसून रडू लागल्या. वेढा उठल्याचा आनंद त्यांना एक घटकाही मिळाला नाही.

त्याच संध्याकाळी मलप्पा शेटे तिसरे पेव दाखवून, नदी उतरून, कमरेपर्यंत चिखलाने भरलेले, एकटे परत आले. पळून गेले असते तर कोणी शोधायला गेले नसते. त्यांना तसे सुचले नाही, की पळण्याचा कंटाळा आला होता, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सदर भरली. किल्लेदारांनी विचारले, "शेटे, किल्लेदाराचं नाव खोटं सांगून दिंडी उघडवली?"

"होय."

"गनिमाला रयतेची पेवं दाखवली?"

"होय."

"का?"

मलप्पांनी वर पाहिले. "दाणा भिजला होता, साहेब. भिजला दाणा मी विकला. बी कोरडं होतं, ते राखलं."

सदरेवर चुळबुळ झाली. रुमाजीरावांना सगळे ठाऊक होते. पण फितुराला सोडले तर राजधानीत स्वतःची गर्दन द्यावी लागणार, हेही ठाऊक होते. आणि ज्याने स्वतःच्या हुकमाने तोफ थांबवली त्याला तर अधिकच. ते लोकांकडे वळले. "शिक्षा देहान्ताची आहे. माल गावाचा होता. गाव म्हणत असेल की शेट्यांनी गावाच्या भल्यासाठी केलं, तर मी तसं वर कळवीन. बोला. पाटलीणबाई, आपण बोला."

तान्हाई उठली. तिच्या घरात तोंडे पुष्कळ होती आणि आजच्या भाकरीची सोय नव्हती. तिला चर दिसला नव्हता, मुरलेले पाणी दिसले नव्हते. तिला रिकामी पेवे दिसली होती. मलप्पा आपल्याकडे बघत आहेत हे तिला कळत होते. ती काही बोलली नाही. खाली बसली. तिच्यामागे बसलेले सगळे गावही गप्प बसले. हे सांगायला मला आवडत नाही, पण झाले ते असे झाले. उपाशी माणसाला न्याय सुचत नाही, त्याला भाकरी सुचते.

"देहान्त मी देणार नाही," शेवटी किल्लेदार म्हणाले.  "ज्या हाताने पेवं उघडली, तो हात."

तलवार त्या दिवशी एकदाच चालली. मनगट तापल्या तेलात बुडवले. मलप्पांना त्यांच्या बायकोने, गौरव्वाने, दोघांच्या मदतीने घरी नेले.

आता गावापुढे नवाच पेच पडला. तिन्ही पेवांत काठ शिल्लक होता. तो खरवडला, धुतला, उन्हात टाकला तर कुबट का होईना, भाकरी झाली असती. पण काठ शेट्याचा. आजवर कोणी त्याला हात लावला नव्हता, आणि ज्याचा हात आपण गप्प बसून जाऊ दिला त्याच्या दाण्याला हात लावायला कोणाचेच धाडस होईना. लोक पेवापाशी जात आणि माघारी येत.

चौथ्या दिवशी गौरव्वा तान्हाईच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले, पण आवाज साधा होता.

"ह्यांनी सांगितलंय, काठ वाटून घ्या. घरात जेवढी तोंडं तेवढ्या मापानं. सपाट माप घ्या, शीग भरू नका, म्हंजे सगळ्यांना पुरंल. आणि खाण्याआधी तीन पाण्यांनी धुवा, न्हाई तर पोरांची पोटं बिघडत्याल."

तान्हाई उंबऱ्यापाशी आली. "गौरव्वा, काठ ही तर तुमची मजुरी."

"व्हय," गौरव्वा म्हणाली. "आमाला बी एक माप ठेवा."

हस्त लागला. अंबारखान्यासमोर बायांची रांग लागली. एकेकीने आपल्या कणगीपुढे उभे राहून आपल्या हाताने आपला पंजा फोडला. या दिवशी गाणी म्हणायची रीत होती. त्या वर्षी कोणी गायले नाही. तान्हाईने हात उचलला, आणि कणगीवरच्या त्या पाच बोटांकडे बघता बघता तिचा हात हवेतच थांबला. मागच्या बाईने हळूच विचारले, "काय झालं, आत्या?"  तान्हाईने पंजा फोडला, ओटीत बी घेतले आणि शेताची वाट धरली. काठाच्या कडू भाकरी खाऊन गावाने पेरणी केली, राखण केली, थंडी काढली.

रुमाजीरावांना दिवाळीनंतर राजधानीला बोलावणे आले. फितुराचे शिर का पाठवले नाही, याचा जाब होता. ते गेले ते पुन्हा निंबसावळीला आले नाहीत.

माघात शाळू काढणीला आला आणि नासक्या पावसाने का होईना, पण दाणा मोत्यासारखा भरला होता. खळ्यावर रास पडली तसा परगावचा एक दलाल घोड्यावरून आला. किल्ल्याच्या आसपासची साठवण मोडली हे त्याला बरोबर कळले होते. त्याने निम्म्या भावाची बोली केली आणि वर म्हणाला, "ठेवणार कुठं? घरात उंदीर खातील. द्या आणि मोकळे व्हा."

तान्हाईने बैलगाडी भरली. मात्र ती दलालाकडे वळवली नाही. मलप्पांच्या पेवापाशी आणून उभी केली, आणि तिच्यामागे एकेक करीत गावच्या गाड्या येऊन लागल्या. मलप्पा उजवी बाही गाठ मारून पेवाच्या काठावर बसले होते. आत त्यांनी दोन दिवस तुराट्या जाळून भिंती कोरड्या करून ठेवल्या होत्या. कशाच्या भरवशावर, ते त्यांना कोणी विचारले नाही.

तान्हाई त्यांच्यासमोर खाली बसली. "अण्णा, त्या दिशी मी बोलाया पायजे हुतं. न्हाई बोलले. माझी चूक झाली."

 रागावण्याइतकी ताकद मलप्पांच्यात उरली नव्हती आणि माफ करण्याचा डौल त्यांना जमला नसता. त्यांनी रिकाम्या बाहीकडे पाहिले.

"माल घालीन, पाटलीणबाई. राखीनही. पण झाकणावर पंजा कशानं देऊ?"

तान्हाईने पाटीतून शेणमातीचा गोळा उचलला आणि त्यांच्या डाव्या हातावर ठेवला. "ह्यानं."

"डावा हात अशुभ."

"अशुभ काय झालं ते समद्यांनी बघितलंय, अण्णा. आता मापाला सुरुवात करा."

मलप्पा उठले. त्यांनी डाव्या हाताने पायली राशीत घातली. सवय नसल्याने थोडा दाणा सांडला. 'एक' म्हणायची रीत नसते. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतात.  सगळे खळे वाट बघत उभे राहिले.

"लाभ," मलप्पा म्हणाले, आणि पायली पेवात रिती केली.

दिवस कलताना झाकण बसले, लिंप झाला, आणि त्यावर डाव्या हाताचा पंजा उमटला. तान्हाई घरी गेली. तिने नव्या बियाण्याची कणगी लिंपली आणि कोणी न सांगता आपलाही डावाच हात त्यावर ठेवला. शेजारणींनी तेच केले.

पुढे निंबसावळीत लग्न होऊन येणाऱ्या सुना पहिल्या सुगीला हटकून विचारीत, "शुभाच्या कामाला डावा हात कसा हो, आत्याबाई?" सासवा लिंपता लिंपता म्हणत, "आमच्यात असंच असतं." त्यातली एखादी अधिक खोलात शिरली, तर सासू तिला म्हणे, "आधी लिंप, वाळतंय ते. मग सांगते." आणि मग बहुधा सांगायचे राहूनच जाई.